गिअरबॉक्सचे तेल बदलताना: अवघड भाग पातळीचा आहे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल घरी बदलायचे ठरवले असेल, तर खालचा ड्रेन प्लग सोडण्यापूर्वी तेल भरण्याचा प्लग सुटतो आहे, याची खात्री करून घ्यावी. तो गंजून बसलेला असेल आणि जुने तेल आधीच काढून टाकलेले असेल, तर गाडी जागची हलवताही येत नाही. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा या एका प्लगने माझा जवळजवळ तास घेतला. गंज सोडवणारा स्प्रे मारून, थांबून, पुन्हा पाना लावून तो सुटला, तेव्हाच मी खालच्या प्लगला हात लावला.

इंजिन ऑइलच्या सवयीने या कामाकडे पाहू नये. इंजिनातले बहुतेक तेल ड्रेन प्लगमधून खाली येते. गिअरबॉक्सचे तेल मात्र टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) आणि कूलरच्या नळ्या यांमध्ये अडकून राहते आणि एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच बाहेर पडते. माझ्या गाडीत एकूण सुमारे ८ लिटर तेल मावते आणि प्लगमधून ३ लिटर निघते; म्हणजे पहिल्या खेपेनंतर नव्या तेलाचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या थोडे वर, दुसऱ्या खेपेनंतर सुमारे ६१ आणि तिसऱ्या खेपेनंतर सुमारे ७५ टक्के होते. एका खेपेत सगळे तेल नवे झाले, असे समजणे चुकीचे आहे, आणि मधल्या काळात काही दिवस गाडी चालवून पुन्हा तेल काढण्याचा हा संथ मार्गच मला घरच्या घरी सर्वांत सुरक्षित वाटतो.

तेल कोणते, हा प्रश्न गाडीच्या पुस्तिकेवर सोडावा. डेक्सरॉन ६, मर्कॉन एलव्ही, टोयोटा डब्ल्यूएस ही नावे दुकानात शेजारी शेजारी दिसली, तरी ती एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत, आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक प्रकार) किंवा ड्युअल क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल तर वेगळेच असते. हे तेल वंगण आहे, उष्णता वाहून नेणारे आहे, दाब पोहोचवणारे आहे आणि त्याशिवाय आतले क्लच झटका न देता, पण घट्ट पकडावेत यासाठी त्यातले घर्षण नेमके राखलेले असते. या एका गुणासाठी अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म व्हेलचे तेल त्यात मिसळले जात असे, यावरून त्याचे महत्त्व लक्षात यावे.

काही उत्पादक हे तेल आयुष्यभर पुरते, असे सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे असा अवधी सुचवते, आणि मी तेच प्रमाण मानतो.

गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे पॅन उतरवले तर त्यातले चुंबक आवर्जून पाहावे. माझ्या चुंबकांवर राखाडी लेप होता. तो बोटांत चोळला तेव्हा गंधाच्या उगाळीसारखा मऊ लागला, बोटाला काहीही टोचले नाही; असा लेप म्हणजे क्लच आणि गिअर यांची नेहमीची झीज होय. हाताला कण किंवा धातूच्या कपच्या लागल्या, तर नुसते तेल बदलून भागणार नाही. तेल दुधाळ गुलाबी झाले असेल, तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलेले असते आणि तेव्हा तर दुरुस्तीला मुळीच उशीर करू नये.

आता पातळी. सर्वांत जास्त चुका येथेच होतात. तेल कमी पडले, तर पंप हवा ओढतो, दाब घटतो आणि क्लच घसरू लागतात. जास्त झाले, तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि पुन्हा दाबाचीच तक्रार उद्भवते. शिवाय तेल तापले की फुगते: ८ लिटर तेल ५० अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान पाव लिटरहून थोडे अधिक वाढते. म्हणून निघालेले तेल थंड झाल्यावर मोजपात्राने मोजावे, तेवढेच थंड नवे तेल भरावे आणि त्यानंतर इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून ठेवून, प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत पुन्हा पार्कमध्ये यावे. डिपस्टिक नसलेल्या अनेक गाड्यांत पुस्तिकेने दिलेल्या तापमानाला, पुष्कळदा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू असतानाच तपासणीचा प्लग उघडायचा असतो. गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर आणि समतल असल्याशिवाय हे करू नये, कारण जराशा उतारानेही पातळी खोटी दिसते.

मी स्कॅनरवर तापमान पाहत खाली पडून होतो. ३८ अंशांना प्लग काढला तेव्हा लाल तेलाची करंगळीएवढी धार आली, मग ती दोऱ्यासारखी बारीक झाली आणि थेंब थेंब पडू लागताच, म्हणजे पातळी बरोबर झाल्यावर, मी नवे वॉशर घालून प्लग बसवला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या खेपेचे तेल काढले, त्यातले थोडे काचेच्या बाटलीत घेतले आणि राखून ठेवलेल्या पहिल्या बाटलीशेजारी ठेवले. पहिल्या बाटलीतले तेल कोऱ्या कॉफीसारखे तपकिरी होते. दुसऱ्यात उजेडाकडे धरल्यावर लाल छटा स्पष्ट दिसत होती.