माळ्यावरचे स्पाइक्स

सकाळी माळा आवरायला चढले आणि ट्रंकेमागे माझे क्रिकेटचे स्पाइक्स सापडले. पेपरात गुंडाळलेले, चामडं कडक झालेलं, खिळ्यांमध्ये अजून वाळलेली लाल माती. आईने खालून विचारलं, टाकायचे ना गं ते? मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. आणि दिवसभर तो हो काही डोक्यातून जाईना.

गेले काही दिवस बेसबॉलपटू टोनी स्टोनबद्दल वाचतेय, त्यामुळेही असेल. अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये वाढलेली काळी मुलगी, खरं नाव मार्सेनिया. गॅबी स्ट्रीट नावाचा एक कोच तिथे मुलांना बेसबॉल शिकवायचा आणि ही हटायचीच नाही तिथून, शेवटी त्याने हिला खेळू दिलं आणि बेसबॉलचे बूटसुद्धा घेऊन दिले. कुणीतरी आपल्यासाठी बूट आणणं म्हणजे काय असतं ते मला माहितीये. बाबांनी माझे आणले तेव्हा... असो.

1953 मध्ये ती इंडियानापोलिस क्लाउन्स या संघाकडून खेळली, निग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, पुरुषांबरोबर, सेकंड बेसच्या जागेवर. मुलींची वेगळी लीग होती तेव्हा, पण ती गोऱ्या मुलींची. क्लाउन्सवाल्यांना गर्दी खेचायची होती, म्हणाले स्कर्ट घालून खेळ, तर ही सरळ नाही म्हणाली. खेळायला मिळावं म्हणून वय दहा वर्षांनी कमी सांगितलं होतं तिने, म्हणजे गरज किती असेल बघा, तरी स्कर्टला नाही. आणि मी साधे बूट टाकायलासुद्धा नाही म्हणू शकले नाही.

पुढच्या वर्षी ती कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे गेली आणि तिथे बराचसा सीझन बाकावर गेला. ते वाचलं आणि मी फोन बाजूला ठेवला. माझं शेवटचं वर्ष असंच गेलं. यादीत नाव, बाबांनी कापून ठेवलेलं कात्रण, आणि मी प्रत्येक मॅचला पाण्याच्या बाटल्या नेतेय. रोज स्पाइक्स घालायचे, नाड्या घट्ट बांधायच्या आणि संध्याकाळी तसेच स्वच्छ काढायचे. कुणी वाईट बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तेव्हाही मी हो-हो करत राहिले. रडू आलं आज, इतक्या वर्षांनी, भर दुपारी माळ्याखाली बसून.

टोनीने त्या सीझननंतर प्रोफेशनल खेळणं सोडलं. ओकलंडला गेली, नर्सचं काम केलं, नवरा खूप मोठा होता वयाने, त्याला सांभाळलं. पण तिच्या डाव्या मनगटावर खुणा होत्या, सेकंड बेसवर तिला पाडायला एक जण स्पाइक्स पुढे करून घसरत आला होता, तेव्हाच्या. त्या ती लोकांना अभिमानाने दाखवायची आणि सांगायची, तो आउट झाला. हे वाक्य मी आज किती वेळा मनात म्हटलं असेल. बाकावरचा सीझन तिचाच होता आणि हा आउटही तिचाच.

मग मला आठवलं, लाल माती आहे की माझ्या खिळ्यांत! ती पाणी नेण्याच्या वर्षाची नाही, त्याच्या आधीची आहे. नाणेफेक हरलो होतो आणि मी दिवसभर कव्हरला उभी होते, तेव्हाची असणार.

संध्याकाळी खाली जाऊन कचऱ्याच्या पिशवीतून बूट परत आणले. चामड्याला खोबरेल तेल चोळलं. माती तशीच ठेवली. आई बघत होती, म्हणाली, बाल्कनीत ठेव, वास येतोय.

ठेवलेत.