मेडवेच्या पुलापाशी

इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये ११७० साली आर्चबिशप थॉमस बेकेटचा खून झाला. तीन वर्षांत त्याला संतपद मिळालं आणि लोक त्याच्या दर्शनाला पायी निघाले. विंचेस्टरहून निघणारी त्यांची वाट नॉर्थ डाउन्स या खडूच्या डोंगररांगेच्या कडेकडेने जाते. केंटमध्ये मेडवे नदी ही रांग कापून उत्तरेला जाते, त्यामुळे तिथे नदी ओलांडल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. जिथे ती ओलांडता यायची, तिथे एल्सफर्ड वसलं.

डोंगरावरून जाणारी आजची वाट मोटरवेलगतच्या उंच पुलावरून पलीकडे जाते. मला तसं जायचं नव्हतं. जुने यात्रेकरू टेकले तिथे टेकायचं, म्हणून मी डोंगर सोडून खाली उतरले.

ओहोटी लागलेली. पात्राच्या दोन्ही काठांना करडा, चकचकीत चिखल उघडा पडलेला आणि माझ्या बुटांवर वरच्या वाटेचा पांढरा खडू. समुद्राची भरती इथपर्यंत पोचते, गावाच्या वर अॅलिंग्टनच्या बंधाऱ्याशी ती अडते. पूल मध्ययुगातला, रॅगस्टोन या स्थानिक कठीण चुनखडकाचा. मधली कमान तेवढी बाकीच्यांच्या मानाने फार रुंद आहे, कारण एकोणिसाव्या शतकात मोठ्या होड्यांना वाट हवी होती, म्हणून जुन्या कमानी काढून ही बांधली. हात फिरवला तर दगड खरखरीत लागतो. पलीकडे काठाला चिकटलेली घरं आणि त्यांच्या डोक्यावर टेकाडावरचं चर्च. ४५५ साली हेंगिस्ट आणि होर्सा हे अँग्लो-सॅक्सन सरदार भाऊ ब्रिटनांशी इथेच लढले, होर्सा इथेच पडला, असं मानतात.

मला खरी ओढ होती ती गावाबाहेरच्या 'द फ्रायर्स' मठाची. धर्मयुद्धाहून परतलेल्या रिचर्ड द ग्रे या सरदाराने १२४२ मध्ये कार्मेल पर्वतावरच्या संन्याशांना इथे जागा दिली. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला, साल १५३८. त्याच वर्षी कँटरबरीत बेकेटची समाधीही उद्ध्वस्त केली. म्हणजे वाटेवरचा मुक्काम आणि वाटेचं दैवत, दोन्ही एकदमच गेलं. मठाची वास्तू चार शतकं बड्या घराण्यांचा वाडा म्हणून राहिली.

आणि १९४९ मध्ये कार्मेलाइट, म्हणजे त्याच कार्मेलच्या पंथाचे संन्यासी, परत आले. तीच जागा विकत घेऊन त्यांनी पुन्हा प्रार्थना सुरू केली. मोठ्या जमावासाठी आभाळाखालीच वेदी उभारली, भोवती छोटी प्रार्थनागृहं बांधली. तिथलं भाजलेल्या मातीचं काम अॅडम कोसोव्स्की या पोलिश कलावंताचं, सोव्हिएत श्रमछावणीतून वाचून इंग्लंडला आलेल्या माणसाचं. त्या मूर्तींचे चेहरे गोंडस नाहीत, सोसलेले आहेत. मी एकेकासमोर बराच वेळ उभी राहिले. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर मुक्कामाच्या गावाला जो मान असतो, तो मला इथे दिसला. दैवत दूर आहे, पण पाय इथे धुवायचे.

दुसऱ्या दिवशी ब्लू बेल हिलची चढण. वर शेताच्या कडेला लोखंडी कुंपणात किट्स कोटी: तीन उभ्या शिळा आणि वर एक आडवी. बेकेट तर सोडाच, ख्रिस्ताच्याही हजारो वर्षं आधीची ही दफनाची जागा. म्हणजे या खोऱ्यात माणसं केव्हापासून येताहेत!

ही वाट चालणार असाल तर मोटरवेचा पूल सोडा आणि एल्सफर्डला उतरा. मठात राहायला मिळेल का, ते आधी विचारून घ्या. आणि वेळ ओहोटीची साधा, पुलाचे पाय तेव्हाच नीट दिसतात.