दिवाळीच्या फटाक्यांची तयारी श्रावणापासून

श्रावण शुद्ध प्रतिपदा

पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय. ज्या घरचा कुत्रा दिवाळीत पलंगाखालून बाहेर येत नाही, त्या घरानं कामाला लागायची हीच वेळ. आजपासून लक्ष्मीपूजनापर्यंत तीन महिने मिळतात, आणि आवाजाची भीती कमी करायला तेवढे लागतातच. वसुबारसेला जाग आली तर शिकवण्याची वेळ निघून गेलेली असते, फक्त सांभाळणं हातात उरतं.

आधी भीती ओळखता यायला हवी. थरथर, धापा, लाळ, पोटाखाली गेलेली शेपटी हे सगळ्यांनाच दिसतं. त्याआधीच्या खुणा मात्र नजरेतून सुटतात: झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग कडेनं दिसणं, कान मागे चिकटणं, चालता चालता एक पाय उचलून थबकणं. सगळ्यात उपयोगी खूण खाण्याची. एरवी चिकनसाठी मागे मागे फिरणारा कुत्रा तोच तुकडा तोंडातून टाकून देतो, किंवा बोटांसकट हिसकावून घेतो, तेव्हा तो शिकण्याच्या पलीकडे गेलेला असतो. त्या क्षणी पुढे काही शिकवायचं नाही, तिथून लांब जायचं.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. पाच-सहा वर्षं फटाक्यांकडे लक्षही न देणारा कुत्रा अचानक आवाजाला घाबरायला लागला, तर सराव सुरू करण्याआधी त्याचे खुबे, कोपर आणि पाठ तपासून घ्यायला हवी. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं की सांधे-स्नायूंचं दुखणं असलेल्या कुत्र्यांमध्ये आवाजाची भीती उशिरा, मोठ्या वयात सुरू होते. दचकल्यावर अंग आखडतं, दुखतं, आणि दुखणं आवाजाशी जोडलं जातं. अशा कुत्र्याला दुखण्यावर औषध न देता नुसतं रेकॉर्डिंग ऐकवत बसणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

नागपंचमीनंतर

आता प्रत्यक्ष सराव. साहित्य अगदी थोडं: एकेकट्या फटाक्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग (माळेचं नको), ब्लूटूथ स्पीकर आणि एरवी कधीच न मिळणारा खाऊ. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर चालतं. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ जायला नको, आणि जेवढा जाईल तेवढं संध्याकाळचं जेवण कमी करायचं.

स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. आवाज इतका बारीक की कुत्र्याचा फक्त कान हलावा आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागावा. एक आवाज. तो संपल्यावर एक-दोन सेकंदांत चिकन. मग काहीच नाही. अर्धा मिनिट, कधी दीड मिनिट, अंतर दर वेळी वेगळं. असे पाच ते आठ आवाज झाले की थांबायचं. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत आटोपतं. दिवसातून एकदा पुरे, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी.

सगळी मेख क्रमात आहे. आधी आवाज, मग खाऊ. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: फ्रिज उघडतो, डब्याचं झाकण वाजतं, कुत्रा पळत येतो, आणि मग मोबाइलवर धडाम. आठवड्याभरात तो एवढंच शिकतो की डबा वाजला की स्फोट होतो. त्यानंतर डबा दिसला तरी खोलीतून निघून जाणारी कुत्री असतात. म्हणून खाऊ आधीच तुकडे करून आवाज न करणाऱ्या वाटीत, हाताशी, पण नजरेआड ठेवायचा. हात आवाज झाल्यावरच हलला पाहिजे, आधी नाही.

इथे कुत्र्याकडून ‘बस’, ‘थांब’ काही मागायचं नाही. आवाजानंतर तो भुंकला तरी चिकन द्यायचं. भुंकण्याचं बक्षीस मिळेल ही शंका अगदी स्वाभाविक आहे, पण इथे वागणूक घडवायची नसून आवाजाबद्दल त्याला काय वाटतं ते बदलायचं आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या, आवाजानंतर खाणं देण्याच्या प्रयोगातल्या कुत्र्यांनी तोंडाला पाणी सुटण्यासाठी काही चांगलं वागायची गरज नव्हती. जवळ घेतल्यानं, पाठीवरून हात फिरवल्यानं भीती वाढते ही समजूतही अशीच निराधार आहे. तो कुशीत शिरत असेल तर शिरू द्यावं.

पुढची पायरी कधी चढायची हे कुत्राच सांगतो. आवाज झाला आणि तो सैल अंगानं, तोंड किंचित उघडं ठेवून तुमच्याकडे वळला, ‘कुठंय माझं चिकन?’ असं बघायला लागला, आणि हे लागोपाठ दोन-तीन दिवस झालं, की आवाज स्पीकरच्या एका खुणेनं वर. एका वेळी एकच बदल. आवाज वाढवला तर खोली तीच. खोली बदलली तर आवाज पुन्हा खाली. स्पीकर खिडकीपाशी किंवा गॅलरीत नेला तरी तसंच. कान मागे गेले की दोन खुणा खाली यायचं, तेही लगेच.

नारळी पौर्णिमा

रेकॉर्डिंगच्या मर्यादेबद्दल लिहून ठेवायला हवं, कारण चांगली मेहनत घेतलेली माणसं इथेच निराश होतात. मोबाइलच्या स्पीकरमधून खालच्या पट्टीचे आवाज निघतच नाहीत. सुतळी बॉम्बचा दणका फरशीतून आणि छातीत जाणवतो. ढोलाचंही तसंच. वूफर असलेला स्पीकर जमिनीवर ठेवला तर थोडं जवळ जाता येतं, पण बारुदाचा वास, आकाशातला लखलखाट आणि भिंतींवर आपटून परत येणारा आवाज घरात कसा आणणार? त्यामुळे घरात पूर्ण आवाजात निवांत झोपणारा कुत्रा दिवाळीत अजिबात घाबरणार नाही, असं वचन कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून खरा आवाजही वापरायचा, पण लांबून. ढोलांचा सराव त्यासाठी सोन्यासारखा, कारण तो रोज ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी असतो. अर्धा-पाऊण किलोमीटरवरून, जिथून ठोका जेमतेम कानावर येतो, तिथे थांबायचं. ढोल सुरू असेपर्यंत जमिनीवर तुकडे टाकत राहायचं, ढोल थांबले की खाऊही बंद. कुत्र्याला वास घ्यायला, मागे वळायला, निघून जायला मोकळीक हवी. त्यासाठी दोन-तीन मीटरचा साधा पट्टा लागतो. बटण दाबून लांब-आखूड होणारा पट्टा नको. भेदरलेला कुत्रा धावला की त्याचं जड प्लास्टिकचं हँडल हातातून सुटतं, खडखडत त्याच्याच मागे येतं आणि तो आणखी जोरात पळतो.

रोजच्या जगण्यातला आवाजही घ्यायचा. कुकरची शिट्टी, वीज कडाडणं, स्कूटरचा फटका, वरच्या मजल्यावर पडलेलं भांडं: झालं की लगेच तुकडा. बर्न विद्यापीठातल्या स्टेफानी रीमर यांनी २०२० मध्ये फटाक्यांच्या भीतीवरच्या उपायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्यक्ष आवाज झाल्याझाल्या खाऊ देणं किंवा खेळणं हा उपाय करणाऱ्या मालकांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी गुण आल्याचं सांगितलं. फुकटातला, कुणालाही जमणारा उपाय.

पितृपक्ष

विसर्जनाच्या मिरवणुका संपल्या. वाजंत्री नाही, लग्नं नाहीत. आवाजाच्या सरावाला वर्षातला हा सगळ्यात चांगला पंधरवडा. गणपतीत कुत्रा घाबरला असेल तर तीन-चार दिवस काहीच करायचं नाही, मग खालच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात.

याच दिवसांत जागा तयार करावी. बाहेरची भिंत आणि खिडकी नसलेला कोपरा शोधायचा. फ्लॅटमध्ये तो बहुतेकदा पॅसेज, स्टोअर नाहीतर बाथरूमच असतो. कुत्र्यानं आधीच एखादी जागा निवडली असेल, तर आपली आवड बाजूला ठेवून तीच पक्की करायची. तिथे जुनी गोधडी टाकायची आणि रोज थोडा वेळ तिच्यावर खाऊ ‘उगवायचा’. कुत्रा गोधडीवर आला की तुकडा, बसला की तुकडा, एका कुशीवर कलंडला की लागोपाठ तीन. पाच सेकंदांपासून सुरुवात करून हळूहळू पाच मिनिटांपर्यंत. दार कायम उघडं. घाबरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात किंवा खोलीत कोंडलं तर तो बाहेर पडण्यासाठी दात आणि नखं रक्तबंबाळ करून घेतो.

घटस्थापना

औषधाबद्दल पशुवैद्याशी बोलायची वेळ आता. आवाजात खाणं सोडणारा, घर फोडून पळू पाहणारा, तासन्‌तास थरथरणारा कुत्रा फक्त चिकननं बरा होत नाही. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधं डॉक्टर वजन, वय आणि यकृत-मूत्रपिंडाची तब्येत बघून ठरवतात. ती साधारण तास-दोन तास आधी द्यावी लागतात. कुत्रा थरथरायला लागल्यावर दिलेली गोळी फार काही करत नाही. पहिला डोस एखाद्या शांत रविवारी देऊन बघायचा, म्हणजे मात्रा कमी-जास्त करायला वेळ मिळतो. एसेप्रोमाझीन हे गुंगीचं औषध एकटंच सुचवलं गेलं तर जरूर प्रश्न विचारावा. त्यानं शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते. कुत्रा निपचित पडलेला दिसतो आणि आत सगळं ऐकत असतो. घरातल्या माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनानं कधीही देऊ नयेत.

औषध देणं म्हणजे हार मानणं, असं मानणाऱ्यांचा मला राग येतो. मेंदू भीतीनं भरलेला असताना तिथे नवीन काही शिरत नाही. औषध तेवढी जागा मोकळी करतं.

दसरा

‘दाखवून द्या त्याला मालक कोण ते’ हे आजही सर्रास ऐकू येतं. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला चोक चेननं (ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीनं) हिसका, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका, नाहीतर गच्चीवर फटाक्यांत नेऊन ‘सवय लावणं’. हिसक्यानं भुंकणं थांबतं, हे खरं. पण आता फटाका म्हणजे आवाज अधिक मानदुखी. गच्चीवर नेलेला कुत्रा दहा मिनिटांनी गप्प होतो तेव्हा त्याला सवय झालेली नसते, सुटका नाही हे कळल्यामुळे तो थिजलेला असतो. पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या अमेरिकन संघटनेनं २०२१ च्या भूमिकापत्रात सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच सुचवल्या आहेत. वेल्सनं शॉक देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० मध्येच बंदी घातली. आपल्याकडे हे पट्टे आजही एका क्लिकवर घरपोच येतात, याचं वाईट वाटतं.

कोजागिरीनंतर

सोसायटीच्या बैठकीत मांडायचे मुद्दे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. ती सूचनाफलकावर लावावी. फटाके मैदानाच्या एकाच कोपऱ्यात वाजावेत, पार्किंगमध्ये नकोत, कारण आवारातली भटकी कुत्री तिथेच गाड्यांखाली शिरतात. त्यांच्यासाठी जिन्याखालची जागा आणि पाण्याचं भांडं मोकळं ठेवायला वॉचमनला सांगावं. कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि प्राणी जायबंदी झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू होतं. मुलांना हे रागावून सांगण्यापेक्षा आवारातल्या कुत्र्यांना वसुबारसेपासून रोज दुपारी खायला घालायचं काम द्यावं. माझ्या मते त्याचा परिणाम जास्त होतो.

वसुबारस

फिरण्याच्या वेळा आजपासून बदलायच्या. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाचे फटाके पहाटे चारपासूनच सुरू होतात, म्हणजे नेहमीची साडेपाचची फेरी सगळ्यात धोक्याची. सकाळी आठनंतर, दुपारी दोन-तीनच्या सुमारास आणि शेवटची पाचच्या आत.

दिवाळीत हरवलेली बरीच कुत्री पट्ट्यातून निसटलेली असतात. कुत्रा उलट मागे सरकला की साधा हार्नेस डोक्यावरून निघतो. निमुळत्या छातीच्या गावठी कुत्र्यांच्या बाबतीत तर हमखास. बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्यावा, किंवा दोन टोकांना हूक असलेल्या पट्ट्याचं एक टोक हार्नेसला, दुसरं गळ्यातल्या कॉलरला लावावं. कॉलरमध्ये दोन बोटं जातील, तीन नाही. गळ्यात मोबाइल नंबरचा बिल्ला घरातही ठेवायचा, कारण पाहुण्यांसाठी दार उघडतं तेव्हाच कुत्रं सटकतं. कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर जिथे नोंदवलाय तिथे आपला चालू मोबाइल नंबर आहे का, ते आजच तपासावं.

फराळाचा डबा उंचावर. चिवड्यात मनुका आणि लसूण असतो, कुत्र्याला दोन्ही विषारी. चॉकलेटचंही तेच. तुपातल्या करंज्या-शंकरपाळे भरपूर खाल्ले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि सणात उघडा दवाखाना शोधावा लागतो.

लक्ष्मीपूजन

दुपारी मोठी फेरी, वास घ्यायला भरपूर वेळ. जेवण साडेपाचला. औषध ठरलं असेल तर आवाज सुरू व्हायच्या आधी दोन तास. सहाला खिडक्या बंद, जाड पडदे, खिडकीला गादी टेकवलेली, दिवे चालू म्हणजे लखलखाट दिसत नाही. पंखा मोठा, टीव्हीवर बोलण्याचा आवाज. घरातलं एक माणूस कुत्र्याजवळ, चिकनची वाटी घेऊन. प्रत्येक दणक्याला एक तुकडा. माळ लागली तर ती संपेपर्यंत तुकडे सुरू. खायचं थांबला तर आग्रह नाही, नुसतं जवळ बसायचं.

भाऊबीज

तीन-चार रात्रींच्या धसक्यानंतर शरीर लगेच ताळ्यावर येत नाही. कुत्रा आजही दाराच्या आवाजाला दचकला तर नवल नाही. पुढचे काही दिवस पाहुण्यांच्या मुलांशी जबरदस्तीनं खेळवणं, अंघोळ, नखं कापणं सगळं टाळावं. शांत फेऱ्या आणि भरपूर झोप. त्यासोबत वहीत चार ओळी: कोणत्या आवाजाला खाल्लं, कोणत्याला नाही, गोळी किती वाजता दिली आणि किती वेळानं लागू पडली. पुढच्या वर्षी डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.

रेकॉर्डिंग आठवड्याभरानं पुन्हा सुरू, सगळ्यात खालच्या खुणेपासून. तुळशीच्या लग्नापर्यंत अधूनमधून फटाके वाजतच राहतात, आणि त्यानंतर लागतो वरातींचा हंगाम. तोवर खिशातली चिकनची पिशवी काढायची नाही.