मोतीचा कान आणि महूची रांग

आज आमच्या मोती कुत्र्याचा कान दाखवायला इंदूरच्या रामबागेतून थेट महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठले. 1955 साली सुरू झालेल्या या संस्थेत विद्यार्थ्यांनाही शिकायचे असते, त्यामुळे एकाच कानात चौघे डोकावतात आणि वेळ भरपूर जातो (मोतीने तो मोठ्या सौजन्याने सहन केला), परंतु अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली झालेल्या या तपासणीचा खर्च इंदूरमधल्या खासगी दवाखान्याच्या मानाने फारच कमी आला.

खरी बचत मात्र लसीकरणात आहे. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाल्यावर सुरू होणाऱ्या पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारावरच्या लसींना जितका पैसा लागतो, त्याच्या कितीतरी पट पैसा तो आजार जडल्यावर सलाइन आणि औषधांवर जातो, आणि तरीही पिल्लू वाचेलच याची शाश्वती नसते.

केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये स्वस्त जेनेरिक औषधांसाठी ‘पशु औषधी’ या योजनेला मंजुरी दिली, हे योग्यच झाले, पण तिचा भर साहजिकच गुराढोरांवर आहे. कुत्री-मांजरे पाळणे ही श्रीमंतांची हौस, असा समज त्यामागे असावा. आजच्या रांगेत तर माझ्या पुढे एक रिक्षाचालक आणि मागे एक भाजीवाल्या मावशी होत्या.