तुम्ही विचारलंत म्हणून: सोडायचाच तर धरता कशाला?

न्यू जर्सीत, एडिसनमधल्या कुठल्याही गणपतीत किंवा पॉटलकमध्ये कुणीतरी हे विचारतंच. अर्ध्या रात्री इथल्या रॅरिटन बे या खाडीच्या गार पाण्यात वेडर्स (पाणी आत न येणारी, छातीपर्यंतची विजार) घालून उभं राहायचं, वीतभर लांबीचा लाकडी मासा, म्हणजे प्लग, फेकत बसायचं, आणि एवढा मोठा स्ट्रायपर (पट्टेरी बास मासा) आला की परत सोडून द्यायचा? विचारणारे स्वतः तळलेलं पापलेट चवीने खातात आणि मला अहिंसा शिकवतात. ते असो.

सोडण्याबद्दल माझं कौतुक नको. कायदाच तसा आहे. 2023 पासून किनाऱ्यावर 28 ते 31 इंचांमधला मासाच ठेवता येतो, तोही माणशी दिवसाला एक. मला हवे असतात ते याहून मोठे, आणि त्या मापाचे बहुतेक सगळे मासे माद्या असतात. एप्रिलात त्या बंकर नावाच्या छोट्या माशांच्या मागे या उथळ पाण्यात येतात, पुढे हडसन नदीत चढून अंडी घालतात. एकेकीच्या पोटात लाखो अंडी.

धरणं मात्र माझ्या हौसेचं आहे. प्लगच्या तोंडाशी पत्र्याची जीभ असते, ती पाणी अडवते आणि लाकूड डावी-उजवीकडे झुलत येतं. भरभर गुंडाळलं तर ते कलंडतं. इतकं सावकाश ओढायचं की त्याचं प्रत्येक डुलणं रॉडमधून हाताला कळलं पाहिजे. कधी तरी त्यामागे पाणी फुगतं. लाकडाला वास नाही, रक्त नाही, तरी ती ते खरं मानते. त्या क्षणाचं मला व्यसन आहे. याहून उदात्त कारण माझ्याकडे नाही.

पूर्वी होतं. पूर्वी मी तावातावाने सांगायचो की जिवंत आमिष मासा गिळतो, गळ आतड्यात अडकतो, म्हणून तर 2021 पासून आमिषाला सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेले गळ, सक्तीचे झाले. प्लगचा गळ जबड्याला लागतो, काढला की मासा मोकळा. यात खोटं काही नाही. फक्त हे सांगताना मी दादाची गोष्ट गाळायचो.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वेंगुर्ल्याचा, आयुष्य मासळीत गेलेलं. इथे आला तेव्हा मोठ्या दिमाखात त्याला खाडीवर नेलं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. तासाभराने एकीने प्लग घेतला आणि रीळ ओरडायला लागली. दादा काठावरून "सैल सोड, सैल सोड" म्हणत होता, जणू मी पहिल्यांदाच गरवायला आलोय. जवळ आल्यावर हेडलॅम्पच्या उजेडात दिसलं: पुढचा तीनतोंडी गळ जबड्याच्या कोपऱ्यात, अगदी हवा तिथे. मागचा मात्र झटापटीत फिरून बाहेरून कल्ल्यात घुसला होता.

रॉडवरच्या खुणेला लावली, 41 इंच. पक्कड घेऊन दोन्ही गळ काढले, तिला पाण्याबाहेर काढलंच नाही. खालचा जबडा धरून प्रवाहाकडे तोंड करून उभा राहिलो. मासा शुद्धीवर आला की अंगठा चावतो आणि शेपटीचा फटका मारून निघून जातो, त्याची वाट बघत होतो. ती चावली नाही. कल्ल्यातून रक्त येत राहिलं, उजेडात ते तपकिरी दिसतं. हात सोडला की ती उलटी व्हायची, पुन्हा सरळ करायचो. असं बराच वेळ. पायांना वेडर्सच्या आतून गारठा लागला होता आणि मला तिथून हलता येत नव्हतं.

"अरे, मेलो हा तो," दादा म्हणाला. "घराक व्हरूया."

मी म्हटलं, नाही नेता येत. मेलेला असला तरी नाही, मापाबाहेरचा आहे.

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. मग वाटलं, दंडाला घाबरतोय. घाबरत होतोच, पण तेवढंच नव्हतं. मी तिला पाण्यात सोडली आणि ओहोटी तिला घेऊन गेली. गाडीत दादा एवढंच म्हणाला, "मारलंस तो मारलंस, वर खाल्लंसय नाय."

सोडलेल्या शंभरांतले 9 मरतात असं धरूनच इथले मत्स्य आयोगवाले हिशेब मांडतात. मीही तो आकडा लोकांना ऐकवायचो, 91 जगतात म्हणून. आकडा आजही तोच आहे, ऐकवताना आवाज तेवढा चढत नाही.

आता मी मागे तीनतोंडी गळ लावत नाही, एकेरी लावतो, त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो. त्याने शेपटीकडचं वजन कमी होतं आणि प्लग नीट झुलत नाही, म्हणून गळाच्या दांड्याला शिशाची तार गुंडाळतो. काही मासे सुटतात. कल्ल्यात गळ घुसायचा तो तरीही घुसू शकतो.

दादा फोनवर म्हणतो, मग लहान प्लग टाक, तीस इंची धर आणि खा. मी म्हणतो, मोठीला मोठंच दाखवावं लागतं. खरं तर 1982 मध्ये अटलांटिक सिटीच्या जेटीवर साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा विक्रमी मासा लागला तो छोट्याशा रेबेल प्लगला, आणि 2011 मध्ये तो विक्रम मोडला तो जिवंत ईलने. हे दादाला माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही, कारण मला वीतभर लांबीचाच टाकायचा आहे.