तुम्ही विचारलंत म्हणून: या भाषणांचे पैसे कोण देतं?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीची मीटिंग संपल्यावर, नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघताना, प्रश्न ठरलेला असतो. "सारख्या कुठे कुठे भाषणं द्यायला जाता, मध्ये म्हणे जर्मनीला होतात. बरे मिळत असतील की?" नातं जरा जवळचं असलं की थेट आकडाच विचारतात. मला राग येत नाही, आपल्याकडे पगार विचारल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. तर एकदाच सविस्तर सांगून टाकते.

भाषणाचे पैसे मिळत नाहीत. निदान मी ज्या कार्यक्रमांना जाते तिथे तरी नाहीत.

मी डेटाबेसवाली, म्हणजे नोंदी साठवून शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणारी, त्यातही पोस्टग्रेसवाली. हे सॉफ्टवेअर १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालं आणि १९९६ पासून पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने जगभरचे लोक मिळून ते चालवतात. त्याला मालक कंपनी नाही. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते, प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. म्हणजे दरवर्षी काहीतरी नवं शिकायचं आणि जुन्याचं काय करायचं हेही कुणीतरी सांगायचं. ते सांगणाऱ्यांच्या परिषदा भरतात. आपल्याकडची पीजीकॉन्फ इंडिया बंगळुरूला भरते, बाहेर युरोपात, कॅनडात भरतात. बोलायचं असेल तर काही महिने आधी प्रस्ताव पाठवायचा, समिती निवडते, आणि बहुतेक प्रस्ताव परत येतात. निवड झालीच तर प्रवेश फुकट, गळ्यात 'स्पीकर' लिहिलेली पट्टी, आदल्या रात्रीचं जेवण. मोठी परिषद असेल तर हॉटेल, आणि फारच मोठी असेल तर विमानाचं तिकीट. मानधन नाही.

मग काही वक्त्यांच्या नावापुढे कंपन्यांचं बिरूद असतं ते कसलं, हाही प्रश्न येतो. मायक्रोसॉफ्ट १९९३ पासून 'एमव्हीपी' (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) निवडते, गूगलचे 'डेव्हलपर एक्स्पर्ट' असतात, ॲमेझॉनचे 'एडब्ल्यूएस हिरो'. यातलं कुठलंही बिरूद म्हणजे नोकरी नाही, पगार तर अजिबात नाही. एमव्हीपी तर एक वर्षापुरतंच असतं, पुढच्या वर्षी वर्षभरात काय केलंत ते दाखवून पुन्हा निवड. कंपनी सॉफ्टवेअर वापरायला देते, आतल्या चर्चांना बोलावते, आणि त्या चर्चा बाहेर सांगायच्या नाहीत असा करार करून घेते. एका मावशींनी मला विचारलं होतं की पद्मश्रीसारखं काही असतं का. त्यांना मी हो म्हणाले, सोपं पडलं.

खर्चाची बाजू मात्र खरी आहे, आणि नाशिकहून निघायचं म्हणजे जरा जास्तच खरी. जवळच्या ओझर विमानतळावरून विमानं आहेत, पण मोजक्या शहरांना. परदेशी जायचं तर कसारा घाट उतरून मुंबई, तीही बहुधा रात्रीची. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाल्यापासून हा त्रास बराच कमी झाला, टोल तेवढा वाढला. पुण्याला तर अजून सरळ रेल्वे नाही. दोनशेवर किलोमीटर रस्ता, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत चाकणला पोचलात की खरी परीक्षा सुरू. व्हिसाची गंमत वेगळीच. देशातले पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, आणि त्यावर व्हिसा चिकटवून घ्यायला आम्ही मुंबईला खेटे घालतो. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अमेरिकेच्या अर्जाची १८५ डॉलर, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. आयोजक तिकीट देतात, पण फी देणारा मला अजून भेटायचाय.

शिवाय चाळीस मिनिटांच्या भाषणामागे कित्येक संध्याकाळी जातात, त्यांचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं? घरी कोण बघतं, हा पुढचा प्रश्न तर फक्त मलाच विचारतात. नवऱ्याचीही फिरतीची नोकरी आहे. त्याला अजून कुणी विचारलेलं ऐकलं नाही.

एवढं सगळं असून का जाते, त्याचं उत्तर मला जर्मनीत नाही, इथेच नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मिळालं. तिथे मराठीतच बोलले होते. हॉलमध्ये प्रश्न विचारा म्हटलं की सगळे बुटांकडे बघतात. खरे प्रश्न बाहेर, चहाच्या टपरीवर. एक मुलगा थांबला होता. पिंपळगावजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. म्हणाला, "ताई, सीझनमध्ये रोज दुपारी तीन वाजले की स्क्रीन रडायला लागते. सकाळी पळते, दुपारी मरते. सर्व्हर बदलला, रॅम वाढवली. मालक म्हणतात तुझंच काहीतरी चुकतंय."

निर्यातीच्या द्राक्षांचं एक असतं. युरोपात पोचलेली पेटी कुठल्या बागेतल्या कुठल्या प्लॉटमधून आली ते मागे जाऊन सांगता आलं पाहिजे, त्यासाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची 'ग्रेपनेट' नावाची नोंदपद्धत आहे. त्यामुळे पॅकहाऊसमध्ये प्रत्येक पॅलेटची, म्हणजे पेट्यांच्या थप्पीची, अवस्था सतत बदलत राहते: तोललं, पॅक झालं, प्रीकूलिंगला गेलं, कंटेनरमध्ये चढलं. त्याच ओळी दिवसभर पुन्हा पुन्हा बदलायच्या.

आता पोस्टग्रेस ओळ बदलतो तेव्हा जुनी खोडत नाही. नवी प्रत लिहितो आणि जुनी तशीच ठेवतो, कारण कुणीतरी अजून ती वाचत असू शकतं. नंतर 'व्हॅक्यूम' नावाचं काम येऊन नको असलेल्या प्रती साफ करतं. पण एखाद्याने व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकदम पक्का होणारा नोंदींचा गठ्ठा) उघडून अर्धवट ठेवला असेल, तर त्यानंतर बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रतींना हात लावता येत नाही. झाडूवाला येतो, बघतो आणि जातो.

मी त्याला एवढंच विचारलं, "सकाळी सगळ्यात पहिली नोंद कुठली होते?" म्हणाला, वजनकाट्याच्या स्क्रीनवर 'शिफ्ट सुरू'. आणि ती पक्की कधी होते? त्याने कप खाली ठेवला. ती 'शिफ्ट बंद' दाबल्यावर पक्की होत होती, संध्याकाळी सात वाजता. म्हणजे एक व्यवहार सकाळपासून उघडा, आणि त्याच्यामागे दिवसभरच्या हजारो मेलेल्या प्रती साचलेल्या, त्यांतून वाट काढताना दुपारी स्क्रीन रडायची. शिफ्ट बंद झाली की रात्री सफाई व्हायची, म्हणून सकाळी सगळं पुन्हा पळायचं. दुसऱ्या दिवशी त्याने 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी', म्हणजे डेटाबेसमध्ये आत्ता कोण काय करतंय ती यादी, उघडून फोटो पाठवला. त्यात तो व्यवहार 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे उघडा पण रिकामा, असा तासन्‌तास बसलेला. नोंद लगेच पक्की करायला लावली, आणि असे रेंगाळणारे व्यवहार आपोआप तोडणारी वेळमर्यादा लावून दिली. ती सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहेच. रॅमचा खर्च वाया गेला, तो मालकांना सांगू नकोस म्हटलं.

ही सगळी माहिती पुस्तकात होती आणि मला पाठही होती. पण ती वजनकाट्यावर अशी दिसते हे त्या मुलाने दाखवलं. पुढे हेच उदाहरण मी बंगळुरूला सांगितलं. खाली उतरल्यावर एका हॉस्पिटलच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर बघणारी दोघं आली, त्यांचं दुखणं हेच, फक्त द्राक्षांऐवजी रुग्ण. त्यांच्याकडून मिळालेलं काम मात्र पगारी होतं. पैसे येतात ते असे, आडवाटेने, आणि कधी येतील त्याचा भरवसा नाही.

म्हणून कुणी नोकरी सोडून 'मी आता स्पीकर होणार' म्हणालं की मी हात जोडते. हे सगळं चालतं ते घरात दुसरा पगार असेल, किंवा साहेब रजा देणारा असेल तर. व्यासपीठांवर तेच ते मोठ्या शहरांतले, मोठ्या कंपन्यांतले चेहरे दिसतात. ते हुशार असतात हे खरंच, पण तिकिटाचे पैसे त्यांना आधी खिशातून घालावे लागत नाहीत हेही खरं. मालेगाव-सिन्नरच्या मुलाला विषय येत नाही म्हणून तो तिथे नसतो, असं मी मानत नाही.

आणि एक इशारा. 'आपली आंतरराष्ट्रीय वक्ता म्हणून निवड झाली आहे' असे मेल येतात, खाली नोंदणी शुल्क लिहिलेलं असतं. बोलणाऱ्याकडूनच पैसे घेणारा कार्यक्रम असेल तर मेल पुसून टाका. पुरस्काराचंही तेच, ट्रॉफीचे पैसे आपणच द्यायचे.

सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्यांना मी पुण्याला धाडत नाही. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही कॉलेज रोडला एका मित्राच्या ऑफिसात जमतो. प्रोजेक्टर त्याचा, चहा-वड्याची वर्गणी. स्लाइड चालत नाहीत. येताना आपल्या कामातली एक रडणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आणायची, ती सगळ्यांसमोर उघडायची आणि दहा मिनिटं बोलायचं. पॅकहाऊसवाला मुलगा येतो, पण सीझन संपल्यावर. जानेवारी ते एप्रिल त्याला शनिवार नसतो.