आडनावं दोन, खोली एक

रेवदंड्याला वाडीत दोघांपुरती कॉटेज आहे, असं मैत्रिणीने सांगितलं. एक खोली, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. फोन, तारीख, ॲडव्हान्स सगळं नौपाड्यात घरी बसून एका संध्याकाळी उरकलं. मग मॅनेजरने दोघांची आधार कार्डं मागवली आणि गाडं अडलं.

मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. आधारवरचा पत्ताही अजून माहेरचा, डोंबिवलीचा. "मॅडम, कपल म्हणजे मॅरिड कपलच. प्रूफ लागेल." अहो, माझी लेक कॉलेजात आहे! तरी लॉकरमधून विवाह नोंदणीचा दाखला काढून आणला, पाठवला. उत्तर आलं, "ह्याच्यावर फोटो नाही." हाताने लिहिलेला, १९९७ सालचा दाखला, त्यावर कुठून येणार फोटो? मग म्हणे पत्ता तरी एक करून घ्या. कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो, ते खरं. पण मला दोन दिवस राहायचं होतं, रेशनकार्ड काढायचं नव्हतं. शेवटी स्वारी लग्नाच्या फोटोवर आली. हे अल्बम शोधायला उठलेसुद्धा. मी म्हटलं, बसा खाली. मुंडावळ्या बांधलेला फोटो मी कुणा मॅनेजरला पाठवणार नाही.

त्याऐवजी मी मालकांना सरळ मेसेज टाकला. सज्ञान जोडप्याला, लग्न झालेलं असो वा नसो, खोली देऊ नये असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितलंय. दोघांची ओळखपत्रं दिली आहेत. बुकिंग पक्कं करा, नाहीतर आजच ॲडव्हान्स परत करा. चहा गार व्हायच्या आत 'कन्फर्म्ड' आलं. हे जमलं, कारण ॲडव्हान्स परत मिळण्याची अट मी आधीच मेसेजवर लिहून घेतली होती. तुम्हीही घ्या, फोनवरच्या 'हो हो'ला अर्थ नसतो. आणि आधार पाठवायचंच तर मास्क्ड पाठवा, शेवटचे चारच आकडे दिसतात.

वडखळची कोंडी नेहमीचीच, पहाटे निघा. अलिबागपासून पुढे सतरा-अठरा किलोमीटर. गाव पोर्तुगीजांच्या कोटाच्या आतच वसलंय, रस्ताही तटबंदीतूनच जातो. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. सातखणी मनोऱ्याचे थोडेच मजले उरलेत, पण बघाच. खाडीपलीकडे कोर्लई.

हां, वाटेत अलिबागचा कुलाबा किल्ला चालत करायचा तर ओहोटी गाठावी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. आम्ही अष्टमीच धरली होती.

कॉटेज छान होती, मासे ताजे. मॅनेजर मात्र दोन्ही दिवस मला 'मिसेस' म्हणून ह्यांचं आडनाव लावत होता.